अंगणवाडीतले कांदे

चांदवडजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीची पक्की खोली झाली, तेव्हा सरपंच भिमाजी आबांनी नारळ फोडला आणि पंधरवड्यात तिच्यात स्वतःचे कांदे भरले. भिंतीवर अननस रंगवलेला, खाली गोण्या. सेविका कोण, तर आबांचीच सून दीपमाला. ती दुपारी उंबऱ्यापर्यंत येई, पोरांच्या हातावर मूठमूठ सुकडी टेकवी आणि म्हणे, "पळा आता." उरलेली सुकडी आबांच्या गाईला. सरकारच्या योजनेतून बाळसं धरलं ते त्या गाईनं.

दीपमालेचा स्वतःचा सार्थक मात्र रोज टाय लावून पिवळ्या गाडीतून चांदवडच्या इंग्लिश नर्सरीत जाई. त्यानं एकदा 'ॲपल' म्हटलं, तर आबा आठवडाभर पारावर तेच सांगत बसले.

मळ्यातल्या वस्तीवर साळूबाई राहायची. निंदणीला जाताना ती चार वर्षांच्या सृष्टीला बांधावर बसवी. एके दिवशी पोरगी विहिरीच्या काठावर वाकलेली दिसली. साळूबाईनं तिला ओढून उचललं आणि तडक दीपमालेचं दार गाठलं.

"बाई, उद्यापासून पोरीला खोलीत बसवा."

"कुठं बसवू? कांदे दिसत नाहीत का?"

"कांद्यांची हजेरी घेता व्हय तुम्ही?"

दीपमालेनं नाक मुरडलं. "एवढी हौस असेल तर नर्सरीत घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई वस्तीवरची सगळी पोरं घेऊन आबांच्या दारात हजर. पिवळी गाडी थांबताच तिनं एकेकाला आत चढवलं. शेंबडी, अनवाणी पोरं गादीवर उड्या मारू लागली. सार्थक टाळ्या पिटत होता.

"अहो बाई, हे काय?" ड्रायव्हर ओरडला.

"अंगणवाडीच्या बाईंनीच सांगितलं, नर्सरीत घाला."

आबा तोंडातल्या मिश्रीसकट धावले. "साळे, तमाशा नको!"

"मग खोली मोकळी करा, आबा. तोवर रोज आणून बसवीन."

पारावरची माणसं हसत जमली. इतके दिवस मिठाची गुळणी धरलेल्यांना आता कंठ फुटला. संध्याकाळपर्यंत कांदे हलले. रात्री आबा सांगत होते, "लेकरांची गैरसोय मलाच बघवंना."

दीपमाला खोलीत बसू लागली. पण जून उजाडला आणि आबांना हसलेल्या त्याच बापांनी आपली पोरं पिवळ्या गाडीत घातली. "सरकारी ठिकाणी काय शिकवतात!" म्हणाले. त्यांच्यातल्या एकानंही कधी आत डोकावलं नव्हतं.

खोलीत उरली ती वस्तीवरची पोरं. एका दुपारी साळूबाई खुरपं घेऊन खिडकीशी थांबली. दीपमाला आंबट तोंडानं, पोरांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत, बाराखडी म्हणत होती. सृष्टी मागं बसून तिच्या ओठांकडं टक लावून होती.

"बाई, जरा मोठ्यानं," साळूबाई बाहेरून म्हणाली, "मागच्यांना ऐकू येत नाय."

दीपमालेनं जळजळीत नजरेनं पाहिलं, पण आवाज चढवला. तो मागच्या भिंतीपर्यंत पोचल्याची खात्री करूनच साळूबाई निंदायला गेली.