‘हेही पाहा’ म्हणणारं कपाट

मी एक जुनं कपाट आहे. पण मित्रांनो, एवढ्यावरून पान उलटू नका. कपडे, भांडी, औषधं असलं काही मी उभ्या जन्मात सांभाळलेलं नाही. मी ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट. मला अठ्ठेचाळीस छोटे कप्पे आहेत, प्रत्येक कप्प्याला पितळी कडी, आणि आत जाड कागदाची कार्डं एकामागे एक उभी. कुठलं पुस्तक कुठल्या मांडणीवर आहे, ते सगळं माझ्या पोटात लिहिलेलं. संगणक येण्याआधी ग्रंथालयात पाऊल टाकणारा माणूस आधी माझ्याकडे यायचा. मोठमोठे प्राध्यापकसुद्धा माझ्यापुढे वाकायचे. आता, खालचे कप्पे गुडघ्याशी येतात म्हणून वाकायचे, हे मला ठाऊक आहे; पण वाकायचे, हे खरं!

मला घडवणारा सुतार मोठा हुशार होता. त्याने प्रत्येक कप्प्यात एक सळई बसवली. कार्डांच्या खालच्या भोकांतून ती आरपार जाते. त्यामुळे कार्ड वाचता येतं, पण चुकूनही खिशात जात नाही.

कार्डं लिहिली ती आमच्या पहिल्या ग्रंथपालांनी. सगळे त्यांना भाऊ म्हणत. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव असा चिवट, की विचारू नका. प्रत्येक पुस्तकाचं कार्ड तर ते करतच, पण गुरुवारी ग्रंथालय बंद असलं की एक वेगळंच काम काढून बसत. निळ्या कडेची कार्डं घेत आणि त्यांवर ‘हेही पाहा’ असं लिहून पुढे दुसऱ्या विषयांची नावं लिहीत. ही कार्डं कुठल्याच पुस्तकाची नव्हती. एका विषयाकडून दुसऱ्या विषयाकडे जायची ती वाट होती. भाऊ म्हणत, “पुस्तक एका जागी उभं राहतं हो, पण विषय कुठे एका जागी बसतोय?”

त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता मानवी भूगोलावर. मित्रांनो, माणसं कुठे राहतात, तिथेच का राहतात, तिथून का उठतात आणि कुठे जातात, याचा हा अभ्यास. नद्या-डोंगरांचा भूगोल शहाण्या मुलासारखा एका मांडणीवर बसतो. मानवी भूगोलाचं तसं नाही. त्याचं एक पुस्तक समाजशास्त्रात, दुसरं अर्थशास्त्रात, तिसरं इतिहासात, आणि चौथं सरकारी अहवालांत धूळ खात पडलेलं. ही पांगलेली भावंडं भाऊंनी निळ्या कार्डांनी एकमेकांना जोडून ठेवली होती.

मग भाऊ निवृत्त झाले आणि संगणक आला. माझी कार्डं संगणकात भरायला दोन मुली नेमल्या. बिचाऱ्या मान मोडून काम करत होत्या. पण संगणकाच्या पानावर पहिलीच चौकट होती दाखल क्रमांकाची, म्हणजे पुस्तक आणलं की त्याला जो नंबर देतात त्याची. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. निळ्या कार्डांना कुठला आलाय दाखल क्रमांक! मुलींनी तेव्हाच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “पुस्तक नाही ना ते? मग सोडा.” झालं! संगणकात सगळी पुस्तकं गेली आणि सगळ्या वाटा माझ्या पोटात राहिल्या.

पुढची बारा वर्षं माझ्या डोक्यावर चहाचा ट्रे होता. लोकांनी विसरलेल्या छत्र्याही माझ्याच अंगाला टेकवून ठेवत. शेजारी तो संगणक, त्याच्यापुढे रांग. मला राग यायचा का? खोटं कशाला बोलू, यायचा. संगणक बंद पडला की मला गुदगुल्या व्हायच्या.

अशात एका शनिवारी दुपारी पोस्टाच्या ताई आल्या. टपाल वाटून थेट इकडेच, खांद्याला रिकामी पिशवी. वय चाळिशीपुढचं. संध्याकाळच्या कॉलेजात त्या भूगोल शिकत होत्या, आणि शेवटच्या वर्षाला प्रकल्प लिहायचा होता.

आमच्या आताच्या ग्रंथपालबाई तरुण, कामाला तत्पर. त्यांनी संगणकात ‘मानवी भूगोल’ असं टाइप केलं.

“दोनच आहेत हो, ताई. त्यातलं एक हरवलंय.”

“आणि दुसरं?”

“शाळेचं पाठ्यपुस्तक.”

“ते तर माझ्या लेकीचं आहे घरी!”

मग बाईंनी तेच शब्द इंटरनेटवर टाकले. लाखांनी उत्तरं आली. पहिली वीस पाहिली तर अपेक्षित प्रश्नसंच आणि शिकवण्यांच्या जाहिराती. ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “काय हो हे? एकतर दुष्काळ, नाहीतर पूर!”

आणि मग त्यांनी सांगितलं. दोरखंडाच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्या बावीस वर्षं टपाल वाटत होत्या. कारखाना बंद पडला आणि एकतीस घरांची नऊ राहिली. “बाकीच्यांची पत्रं परत पाठवताना जीव कसानुसा होतो, बाई. कोण कुठे गेलं, का गेलं, मला एकेक ठाऊक आहे. पण सर म्हणतात, आधाराला काही नसेल तर या नुसत्या गप्पा. सोमवारी पंधरा संदर्भ आणा, नाहीतर विषय बदला. पावसाच्या मोजमापावर करा म्हणतात, आकडे आयते आहेत. पाऊस मोजायला हजार जण आहेत हो. माझी गल्ली कोण मोजणार?”

“थांबा, आधी चहा घ्या,” बाई म्हणाल्या. आणि मी? मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. अहो, दोन हातांवर उभा आहे मी, माझ्याकडे बघा! पण कपाटाला कुठली वाचा?

बाई चहा ओतायला माझ्याकडे वळल्या, ताईही मागोमाग आल्या, आणि त्यांची नजर माझ्या कप्प्यांवर पडली. आता तुम्हीच सांगा, जिने बावीस वर्षं रोज सकाळी खणाखणांत पत्रं लावली, तिच्यासमोर चिठ्ठ्या लावलेले अठ्ठेचाळीस कप्पे आले तर तिचा हात गप्प राहील? त्यांनी सवयीने ‘म’ लिहिलेला कप्पा ओढला. बारा वर्षांनी! कप्पा असा करकरला की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

“बाई, हे काय आहे? ‘मानवी भूगोल. हेही पाहा: स्थलांतर, कामगारवस्ती, बाजारपेठा, वाहतूक, जनगणना, नगररचना.’ यावर पुस्तकाचं नाव नाही ते?”

बाई कप हातात घेऊनच आल्या. त्यांनी संगणकात पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. “अगंबाई! हे आमच्याकडे भरलेलंच नाही! चार वर्षं मी या कपाटाशेजारी बसतेय आणि एकदासुद्धा उघडलं नाही मी हे.”

ताई मात्र एव्हाना हसायला लागल्या होत्या. “हे तर आमचंच काम! पत्र येतं जुन्या पत्त्यावर आणि माणूस राहतो दुसरीकडे. वर नवा पत्ता लिहायचा आणि पुढे पाठवायचं. तुमच्याकडच्या कुणीतरी सगळे नवे पत्ते लिहून ठेवलेत की!”

मग काय विचारता! ‘स्थलांतर’चा कप्पा उघडला, त्याने ‘रोजगार’कडे धाडलं. ‘कामगारवस्ती’ने धाडलं सरकारी अहवालांच्या खोलीत. तिथे तळाच्या मांडणीवर एक पिवळा पडलेला अहवाल निघाला: शहरातल्या कामगारांच्या घरांची पाहणी. त्यात कारखान्यामागची गल्ली होती! किती घरं, घरात माणसं किती, पाणी कुठून, कामाला चालत किती मिनिटं. ताई खाली फरशीवर बसल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. चहा निवून गेला.

आणि खरी गंमत पुढेच. माझ्यातले ते शब्द बाईंनी इंटरनेटवर टाकले. आता पूर ओसरला. जनगणनेचे जुने-नवे तक्ते मिळाले, विद्यापीठांनी खुले ठेवलेले प्रबंध मिळाले, फुकट वाचता येणारी संशोधनाची नियतकालिकं मिळाली, साठ वर्षांपूर्वीचा शहराचा नकाशाही मिळाला. एका संकेतस्थळावर फार देखणा रंगीत नकाशा होता. ताई भुलल्या, पण बाई म्हणाल्या, “थांबा. हा काढला कुणी? कुठल्या सालचा? आकडे कुठून घेतले? काहीच लिहिलेलं नाही.”

“मग नको,” ताई लगेच म्हणाल्या. “ना पाठवणाऱ्याचं नाव, ना तारखेचा शिक्का. असलं निनावी पत्र कुणी खरं मानतं का?”

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, ती कबूल करतो. संगणक माझा वैरी नव्हता. त्याला कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला तर जागचं हलता येत नव्हतं. आमची जोडी बारा वर्षांपूर्वीच जमायला हवी होती.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी ताईंच्या वहीत एकोणीस संदर्भ होते. मंगळवारी टपाल द्यायच्या निमित्ताने त्या आल्या त्या दारातूनच ओरडल्या, “विषय राहिला!” वाचणाऱ्यांनी ‘शू’ केलं, पण कोण ऐकतंय! म्हणे सरांनी तो पिवळा अहवाल तीनदा उलटून पाहिला आणि विचारलं, “मी इतकी वर्षं शिकवतोय, हा मला कसा सापडला नाही?” ताई म्हणाल्या, “सर, तुम्ही कप्पा उघडला नसेल.”

आता रोज जेवणाच्या सुट्टीआधी बाई माझी दहा-दहा निळी कार्डं संगणकात भरतात. त्यासाठी दाखल क्रमांक न मागणारं नवं पान त्यांनी करवून घेतलं. ताईंचा प्रकल्प पुढल्या वर्षी बांधून ग्रंथालयात आला. त्यात गल्लीतल्या सगळ्या एकतीस घरांची हकीकत आहे, प्रत्येकाला विचारून लिहिलेली. बाईंनी त्याची संगणकात नोंद केली आणि हौसेने एक कार्डही लिहून माझ्यात घातलं.

परवा एक म्हातारे शिंपी आले. कारखाना बंद पडल्यावर ते लेकीकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते. “आमच्या गल्लीचं पुस्तक आहे म्हणे तुमच्यात?” बाईंनी ते काढून हातात दिलं. शिंप्यांनी चष्मा पुसला, आपलं घर शोधलं आणि ओठ हलवत सबंध पान वाचलं. मग त्यांनी पान पुन्हा वाचलं.

“एवढी वर्षं माझ्या नावाने पत्रं आली हो,” ते बाईंना म्हणाले, “पण माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं हे पहिलंच.”

मित्रांनो, जुन्या वस्तू झाडूनपुसून ठेवा, एवढं तर मी म्हणणारच. धुळीने माझी कार्डं चिकटतात. पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. कुणी काही शोधत तुमच्याकडे आलं आणि त्या नावाचं काही सापडलं नाही, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. त्याला नेमकं काय हवंय ते विचारा, दुसऱ्या नावाने शोधा, आणखी एक कप्पा उघडून बघा. तुमच्या त्या एका ‘नाही’ने कुणाची तरी अख्खी गल्ली पुसली जाऊ शकते.