साहेबाचा आखडलेला देव

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मालकानं जेवन टाकलं. कावून? तर किहीमकर साहेबाच्या देवापायी! आता बोला.

साहेब सहकार खात्याचे, कोकनातले यहुदी. नेकनूरच्या बाजूला आमच्या गावात सोसायटीच्या गोदामावर देखरेख करायला आलते. आमचे मालक तिथंच मापाडी. साहेब शनवारी कामाला हात लावत न्हाईत. मग दोघं ओट्यावर बसायचे आन् साहेब त्यांच्या धर्मातलं गूढ ज्ञान सांगायचे. कबाला म्हनत्यात त्याला. जग नव्हतं तवा सगळीकडं देवच भरलेला, दुसऱ्या कशाला जागाच न्हाई. मग देवानं सोताला आखडून घेतलं, आन् त्या रिकाम्या जागेत जग झालं.

मला सहावा म्हैना. घरात रेशनवरल्या लाल मिलो जवारीची भाकर, तीबी पोटभर न्हाई. मालक म्हनले, "लेकराला जागा करायची तर आपन आखडलं पायजे." भाकर माझ्याकडं सारायचे आन् पानी पिऊन उठायचे. आधी मला लई गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बरगड्या दिसाया लागल्या. एक दिवस माप घालता घालता चक्कर येऊन पोत्यावर पडले. गड्यांनी उचलून घरी आनलं.

त्यास्नी निजवलं आन् मी तशीच गोदामात गेले. "साहेब, ह्ये काय भरवलं तुमी आमच्या मानसाच्या डोक्यात? माझं लेकरू बिनबापाचं करता का?"

साहेबांचं तोंड उतरलं. "सत्यभामाबाई, चाळिशीच्या आतल्या माणसाला हे शिकवू नये म्हणतात आमच्यात. मी शिकवलं, तेही अर्धंच." उठले आन् माझ्यासंग घरी आले.

मालकांजवळ बसून म्हनले, "सुग्रीव, देव जागा करून निघून गेला नाही. त्यानं आपला प्रकाश परत त्या जागेत सोडला. तो धरायला केलेल्या भांड्यांना तो पेलला नाही. भांडी फुटली, ठिणग्या सगळीकडे सांडल्या. या भाकरीतही ठिणगी आहे. माणसानं मनापासून खाल्लं की ती सुटते. ते काम देवानं आपल्यावर सोडलंय."

मालक हासले. "मंग भाकर हिनं खाल्ली तरी ठिनगी सुटतीच की, साहेब."

माझं टाळकंच सरकलं. मी ताट लोटलं. "मंग मीबी आखडते. घ्या, लई जागा झाली! भरा त्यात काय भरायचं ते."

"येडी हायस का? पोटात लेकरू हाय!"

"त्याला जागा नगं, बाप पायजे. आन् मला तुमी पायजेत."

साहेबासमोरच रडले मी. लाज कसली? लेकरू आत लाथा झाडत होतं. मी मालकांचा हात धरून पोटावर ठिवला. "बगा, शिव्या देतंय तुमाला."

त्यांनी घास मोडला आन् माझ्या तोंडाशी आनला. मी तोंड घट्ट मिटून बसले. मंग त्यांनी तो घास सोताच्या तोंडात घातला. चावता चावता हुंदका आला, तरी गिळला.

तवा मी तोंड उघडलं.