किल्ल्यांची फिरकी

भावाने फुकट दिलेली वस्तू आक्का आधी उजेडात धरून बघत असे. लहानपणी त्याची पाटी फुटली, तेव्हा त्याने ती गुपचूप तिच्या दप्तरात सरकवली होती आणि तिची धड पाटी स्वतःच्या दप्तरात. मार तिने खाल्ला. त्याला पन्नासच्या वर वर्षं उलटली, तरी भाऊ गोड बोलायला लागला की तिचा हात आपोआप नसलेल्या दप्तराकडे जायचा.

त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीचा कमरेला बांधायचा नवा हार्नेस पसरला होता. झाडावर सरसर चढते म्हणून लेकीला सगळे खार म्हणत. मामा-भाची मिळून उंच झाडांच्या फांद्या छाटायची कामं घेत. त्याआधी तेच काम आक्काच्या नवऱ्याने आयुष्यभर केलं होतं. हार्नेसच्या पुढच्या बाजूला कमरेच्या दोन कड्यांमध्ये एक आखूड दोरी असते, तिला पूल म्हणतात. चढणाऱ्याचा सगळा भार त्या पुलावर. आता त्या पुलात काय ओवायचं, यावर आठवडाभर खल चालला होता. साधी कडी ओवली तर बिघडायला काही नाही, पण फांदीवर वळताना अख्खं अंग वळवावं लागतं, नाहीतर दोराला पीळ बसतो. फिरकी ओवली तर तिचा खालचा भाग पुलात राहतो आणि वरचा दोराबरोबर फिरतो. खार साध्या कडीवर खूश होती. फिरकीचा हट्ट मामाचा. काल संध्याकाळी त्याने खिशातून एक काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "नवी आहे. घे."

हा माणूस वाकडे खिळे ठोकून सरळ करून ठेवणारा. आणि फुकटात नवी फिरकी? खोकं कुठाय, असं आक्काने विचारलं, तर टाकून दिलं म्हणाला आणि चहाही न घेता गेला. चहा सोडून जाणं म्हणजे तर हद्दच झाली.

त्यांच्या धंद्यात एक नियम होता, आक्काच्या नवऱ्याने घालून दिलेला. उंचावरून दगडावर किंवा फरशीवर पडलेली वस्तू पुन्हा झाडावर न्यायची नाही. वरून धड दिसते, आतून तडकलेली असू शकते. म्हणून पडल्या पडल्या तिच्यावर कानशीने आडवी खाच पाडायची आणि तिला घरकामाला लावायची. गेल्या हंगामात मामाची फिरकी अशीच फरशीवर पडली होती. तेव्हापासून ती त्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची, किल्ल्या अडकवायला.

शिडी मागायचं निमित्त काढून आक्का दोन घरं पलीकडे भावाकडे गेली. शिडी तिच्या घरात होती, पण भावजय भोळी. आक्काने दारामागे पाहिलं. किल्ल्या नुसत्या खिळ्याला लटकत होत्या. फिरकी कुठे गेली, तर भावजय म्हणाली, हेच घेऊन गेले, जरा घासूनपुसून आणतो म्हणाले.

घासून म्हणजे काय, खाच घासली की काय? उद्याचं झाड दवाखान्याच्या आवारातलं, तीन मजल्यांएवढं, आणि खाली सगळी फरशी.

घरी येऊन तिने कापसाचा बोळा घेतला आणि टेबलावरची फिरकी सगळ्या बाजूंनी पुसली. कानस फिरलेली असती तर तंतू अडकले असते. एकही अडकला नाही. तिला उलट जास्तच संशय आला.

"आई, मामा माझा जीव घेणार आहे का?" खार हसत म्हणाली.

"जीव घ्यायला अक्कल लागते. हा हयगयीने घेईल."

खारीने पुलाचं एक टोक सोडलं, फिरकीच्या खालच्या भोकातून ओवलं, गाठ पुन्हा मारली आणि गाठीबाहेर दोरीचं शेपूट वीतभर ठेवलं. परसातल्या झाडाला दोर टाकून ती गुडघ्याएवढ्या उंचीवर लोंबकळली. नवं काही लावलं की आधी इतक्याच उंचीवर बसायचं, हाही वडिलांचाच नियम. पूल लांब झाला होता, फिरकी पार तोंडाशी आली. तिने उतरून गाठ चार बोटं आत घेतली. या वेळी फिरकी बरोबर हाताशी आली आणि अंगाचा भार असूनही आवाज न करता फिरली.

तेवढ्यात मामा आला. स्वतःचा हार्नेस त्याच्या खांद्यावर होता. पायरीवर बसताना त्याने आधी भिंतीला हात लावला, मग गुडघ्याला. आक्काने ते पाहिलं. मग त्याच्या पुलातली फिरकी पाहिली. तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ही पट्टी कशाला?"

"हात घसरतो."

आक्काने खाली वाकून नखाने पट्टीचं टोक उचकटलं. अगं राहू दे, राहू दे असं तो म्हणेपर्यंत अर्धी पट्टी निघाली. खाली आडवी खाच होती.

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. दुकानात एकच फिरकी उरली होती, दुसरी यायला महिना लागणार होता. ती एक त्याने भाचीला दिली आणि दारामागची स्वतः लावली.

"मग साधी कडी का नाही लावलीस?" आक्काने विचारलं.

तो बुटांकडे बघत राहिला. "कंबर वळत नाही आक्का. फिरकी वळते, मी नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला झाडावरून उतरवलं असतं."

आक्काला राग आला, आणि नेमका कशाचा ते तिला सांगता येईना. पाट्या त्याने याही वेळी बदलल्या होत्या, फक्त फुटकी स्वतःकडे ठेवली होती.

"तेव्हा मार मी खाल्ला," ती म्हणाली. "या वेळी तुझ्या बायकोने खाल्ला असता. उद्या तू खाली थांबायचंस."

खालून दोर धरायला काय, कोणीही मिळेल, असं तो पुटपुटला.

"खारीचा दोर कोणीही नाही धरणार. तू धरशील."

हार्नेसमधून फिरकी त्याने स्वतःच सोडवली. ती त्याच्या हातात राहू न देता आक्का पदरात घेऊन गेली आणि तिने त्याच्या दारामागच्या खिळ्याला पुन्हा टांगली.

सोमवारी सकाळी मामा-भाची निघाली तेव्हा आक्का आधी भावाच्या दारामागे डोकावून आली. फिरकी होती, किल्ल्याही होत्या. तरी तिने भावाला फाटकापाशी थांबवलं.

"खिशात काय फुगलंय?"

"रुमाल आहे."

आक्काने तो बाहेर काढून झटकला, घडी घातली आणि परत त्याच्या खिशात ठेवला.