‘मलाच’मधला च

पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात खाटा बत्तीस आणि दिवसपाळीला सिस्टर दोन. एक जिजा रामटेके, वीस वर्षं नोकरी झालेली. दुसरी तृप्ती, कंत्राटी, जिभेनं तिखट. आजवर दोघींनी कामं वाटून घेतली होती. इंजेक्शनं एकीची, ड्रेसिंग दुसरीचं. यात पेशंटचे तुकडे होतात, असा शोध वरच्या कार्यालयाला लागला आणि नवं मॉडेल आलं : एक रुग्ण, एक परिचारिका. सोबत परिचारिका काही आल्या नाहीत. पाट्या आल्या, बत्तीस.

खाटेच्या डोक्याशी पिवळी पाटी. ‘मी तुमची सिस्टर’, पुढे मार्करनं नाव, आणि खाली छापलेलं : ‘काही त्रास असेल तर मलाच सांगा.’

“बत्तीसाचे अर्धे सोळा होते, हे कळलं त्याईले,” तृप्ती म्हणाली. “हळूहळू शिकून राहिले, ताई.”

शनिवारी सुखराम आला. पवनीकडचा, नदीत जाळं टाकणारा, साठी ओलांडलेला. हर्नियाचं ऑपरेशन होतं. चौथी शिकलेला. त्यानं पाटी बोट लावून मोठ्यानं वाचली, जिजाकडे पाहिलं.

“म्हणजे तुमी मायीच सिस्टर का जी?”

जिजाच्या पाठीशी तिचे बाकीचे पंधरा कण्हत होते. पण वीस वर्षांत कोणी तिला असं विचारलं नव्हतं. “हव,” ती म्हणून गेली.

सुखरामनं बायकोला, कुंताबाईला, तिथल्या तिथं खबर दिली. “बहीण नोहती ना मले? सरकारनं देली.”

सोमवारी सकाळी नऊला त्याचं ऑपरेशन झालं, आणि तो वॉर्डात आला तशी जिजाला चिठ्ठी आली. दिवसभराचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची, विषय : रुग्णाजवळ थांबण्याचं महत्त्व.

“पेशंट आत्ताच बाहेर आलाय, मॅडम,” ती मेट्रनला म्हणाली.

“मग जवळ कसं थांबायचं ते शिकून या ना.”

“येतेच मी,” असं सुखरामला सांगून ती गेली. सभागृहात पडद्यावर फोटो होता. गोरी नर्स, गोऱ्या आजोबांचा हात हातात घेऊन बसलेली. फोटोत खाट एकच होती. जिजा त्या खाटेच्या आजूबाजूला बाकीच्या शोधत राहिली.

साडेचारला परत आली तर सुखराम कपाळावर घाम घेऊन, चादर मुठीत धरून पडलेला. चहा तसाच. पायाशी कुंताबाई रडकुंडीला आलेली.

“काय झालं, दादा?”

“तुमचीच वाट पाहून राहिलो, बाई.” आवाज अगदी खाली गेला. “सकाळपासून लघवी नाही झाली.”

तृप्ती धावत आली. “तीनदा विचारलं मी! तीनदा नाही म्हणाले. फॉर्मवर ‘त्रास नाही’ लिहिलं मी.”

“तिले कसं सांगू जी?” सुखराम म्हणाला. “पाटीवर तुमचं नाव हाय. मलाच सांगा, लिवलं हाय.”

तळहाताखाली पोट फुगून दगड झालं होतं. जिजानं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी घातली, तेवढा वेळ सुखराम तिचा हात करकचून धरून होता. पिशवीत सव्वा लिटर भरली. फोटो काढायला मात्र तिथं कोणी नव्हतं.

“अजून उशीर झाला असता तर भारी पडलं असतं,” डॉक्टर म्हणाले आणि गेले.

जिजा खाली मान घालून उभी राहिली. तिच्या एका ‘हव’पायी हा माणूस दिवसभर तडफडला होता. खरं सांगून टाकावं की मी तुमच्या एकट्याची नाही? सुखराम तर उतरल्या चेहऱ्यानं हसत होता तिच्याकडे.

“दादा,” ती म्हणाली, “मी तुमची बहीण ना?”

“हव त.”

“तृप्ती मायी लहान बहीण हाय. मंग ते तुमची कोण?”

सुखरामनं विचार केला. “बहीणच झाली.”

“मंग तिले सांगाले कायची लाज?”

मग तिनं चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि पाटीवरच्या ‘मलाच’मधल्या च वर लावला. एका पाटीवर लावला, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? तृप्तीनं वॉर्डाचं दुसरं टोक घेतलं.

बुधवारी वरच्या कार्यालयातले साहेब पाहणीला आले. “पाट्यांना पट्ट्या कशाला?”

“जखम होती, सर,” जिजा म्हणाली. “ड्रेसिंग केलं.”

साहेबांनी ‘मॉडेल यशस्वी’ असं लिहायला पेन काढलं. नळी त्या सकाळीच निघाली होती. तेवढ्यात संडासाकडून, दाराशी उभं राहून, सुखरामनं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज दिला :

“लहान सिस्टर! झाली वो! मोठीले सांगजा!”