बरमबाबाचे दात

बनारसच्या अमृतराव घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, बुरुजावर माणसं, काठच्या होड्यांमध्येही माणसं. मधोमध लोहानंदबाबा. समोर धगधगता दिवा आणि त्यावर चिमट्यात आडवी धरलेली, अंगठ्याएवढी जाड काळी लोखंडी पिन. बाबा डोळे मिटून पुटपुटले. कुणाचा हात लागला नाही, तरी पिनेचे दोन तुकडे झाले आणि ताटात खणखणले.

"बरमबाबा की जय!" घाट दुमदुमला.

बाबांनी तुकडा फिरवून दाखवला. "देखो, दाँत के निशान! रोज थोड़ा-थोड़ा चबाता है बरम. लोहा झूठ नहीं बोलता, बच्चा!"

तुटल्या जागी खरोखरच अर्धगोल रेघा होत्या, एकीमागे एक. बरम म्हणजे अकाली मेलेल्या ब्राह्मणाचं भूत. आमच्या बनारसकडे पिंपळापिंपळाखाली त्याचं ठाणं असतं.

पुढच्या रांगेत माझा शेजारी देवदत्त हात जोडून उभा होता. मंगलागौरीच्या देवळाजवळ आमची घरं भिंतीला भिंत लावून. नौगढच्या डोंगरात जिथे रस्ताच नाही, तिथून आजारी माणसं शहरात आणायची, हे त्याच्या जीपचं काम. जीपचे धक्के झेलणारा शॉकअप ज्या पिनेवर टांगलेला असतो, ती पिन वारंवार तुटायची, आणि दर वेळी त्याच एका खडकाळ नाल्यात. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तशीच तुटली. सुटलेल्या शॉकअपने ब्रेकचा पाइप फाडला. मागे सुगनी नावाची अडलेली बाळंतीण होती. खाटेवर घालून तिला रस्त्यापर्यंत आणेतो ती गेली, मूलही गेलं.

तेव्हापासून देवदत्तने जीप बाहेर काढली नव्हती. डोंगरातून निरोप यायचे. तो जायचा नाही. जीप आश्रमाला अर्पण कर, नाहीतर बरम तुझ्या घरातलं माणूस नेईल, असं बाबांनी सांगितलं होतं. आज तो चावी घेऊनच आला होता.

"दादा, थांब." त्याची धाकटी बहीण देवश्री गर्दीतून पुढे आली. ती पॉलिटेक्निकात यंत्रं शिकवायची. तिने पर्समधून एक पिन काढली. "बाबा, ही मी आणलेली. ही तोडून दाखवा."

"औरत का छुआ लोहा अपवित्र होता है!"

"बरं. मग तुमचीच घेते."

बाबांचा हात पोचण्याआधी तिने ताटातली दुसरी, अखंड दिसणारी पिन उचलली आणि शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या पातेल्यात सोडली.

"अरे दीदी, हमार चाय!"

तिने झाऱ्याने ढवळून काढलं, तर दोन तुकडे वर आले. चहावर मेणाचा तवंग आणि काजळी. आधीच तुटलेली पिन मेणाने चिकटवलेली होती. दिव्याची धग लागली की मेण वितळे आणि बरम जेवे! कुणीतरी खो-खो हसलं. बाबा शाप देत देत पायऱ्या चढून दिसेनासे झाले.

देवदत्त मात्र हसला नाही. "मेण यांचं असेल. पण माझ्या जीपची पिन कोण चावत होतं? तिच्यावरही असेच दात आहेत!"

देवश्री त्याच्याजवळ पायरीवर बसली. "दात नाहीत, दादा. पिन एकाच बाजूने वेल्डिंग केलेली, दुसरं टोक मोकळं. प्रत्येक खड्ड्यात ती मुळाशी वाकते. तिथे केसाएवढी चीर पडते, थोडी थोडी वाढते. चीर जिथे जिथे थांबली, तिथे तिथे रेघ उमटली. उरलेलं लोखंड सगळ्यात मोठ्या धक्क्याला तुटतं. तुझ्या वाटेवर सगळ्यात मोठा धक्का त्या नाल्यात. बाबाने असले तुकडे गॅरेजच्या भंगारातून उचलले."

त्याने ताटातला तुकडा उचलून रेघांवरून बोट फिरवलं. मग फुटला. "म्हणजे सुगनी भुताने नाही मारली. पिनेने मारली. आणि मी दर वेळी तीच, तशीच पिन बसवत राहिलो. ताई, भूतच बरं होतं गं!"

एरवी तो तिला नावाने हाक मारायचा. तिचेही डोळे भरले. "भूत बरं वाटतं, कारण त्यापुढे काही करावं लागत नाही. जीप देऊन टाकलीस तर डोंगरातली पुढची बाई कोण आणील?"

त्या आठवड्यात दोघांनी जीपच्या सांगाड्यावर शॉकअपसाठी नवी बैठक बसवली. पिनेला आता दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्यांचा आधार, पट्ट्यांना मागून तिरपा टेकू. वेल्डिंगच्या पिनेऐवजी आरपार बोल्ट: झिजला तर रानातही दोन पान्यांनी बदलता येईल असा. दर फेरीआधी देवदत्त जीपखाली आडवा होऊन तो तपासू लागला.

तो पुन्हा डोंगरात गेला. सुगनीच्या सासऱ्याने त्याला पाणी दिलं, पण तोंड फिरवून. ते दुःख कुठल्याही बोल्टने सांधणारं नव्हतं. मात्र त्याच दिवशी तापाने फणफणलेली एक पोर त्या नाल्यातून जिवंत शहरात आली.

लोहानंदबाबा आता दुसऱ्या कुठल्या घाटावर असतील. तुमच्याही घरात काही पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर आधी 'कुणी केलं' विचारू नका. 'कसं झालं' विचारा. उत्तर कदाचित जिव्हारी लागेल. तरी विचारा, कारण कुठेतरी कुणीतरी खाटेवर वाट बघत असतं.