मी शेकत राहिले

मित्रांनो, इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत खुंटीला लटकलेली लाल, भेगाळलेली रबरी पिशवी दिसते ना, ती मी. गरम पाण्याची पिशवी. साच्यातून बाहेर पडले तेव्हा इतकी चकचकीत होते की दुकानदाराने मला काचेच्या कपाटात दर्शनी भागी ठेवले होते. तिथूनच इस्त्रीवालीने मला उचलले.

ती बाई दिवसभर इस्त्री फिरवणारी. तिचा उष्णतेवर फार भरवसा. पाठ धरली, शेका. गुडघा कुरकुरला, शेका. तिच्या लेकीच्या, चिमणीच्या पोटात दर महिन्याला कळा येत, तेव्हा तर माझ्यावाचून तिचे पान हलत नसे. "ही माझी दुसरी आई," असे चिमणी म्हणायची आणि मी फुगून जायचे. तशी मी फुगतेच म्हणा, पण कौतुकाने फुगण्याची गोष्ट वेगळी!

चिमणी बावीस वर्षांची झाली, कापडाच्या दुकानात कामाला लागली. एका सकाळी तिच्या बेंबीभोवती दुखू लागले. जेवण नको झाले, मळमळू लागले, दोनदा उलटी झाली. नेमक्या त्याच दिवशी हॉटेलच्या साठ चादरी इस्त्रीला येऊन पडल्या होत्या. इस्त्रीवालीने मला भरले, टॉवेलात गुंडाळले आणि लेकीच्या पोटावर ठेवले.

संध्याकाळपर्यंत दुखणे सरकून उजवीकडे खाली आले. चिमणीला सरळ उभे राहता येईना. नुसता खोकला आला तरी ती कळवळे.

"आई, हे नेहमीसारखं नाही वाटत गं."

"तारीख जवळ आलीय तुझी. शेक अजून थोडं. एवढ्या चादरी उरकते आणि बसते तुझ्याजवळ."

चिमणीचे अंग कढत लागत होते, आणि ती उष्णता माझी नव्हती. पण मला तोंड आहे ते फक्त पाणी ओतायला. मी शेकत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुखणे एकदम थांबले. मायलेकींचा जीव भांड्यात पडला. "बघ, गुणाची आहे की नाही!" म्हणत इस्त्रीवालीने मला थोपटले. ते माझे शेवटचे कौतुक. दुपारनंतर चिमणीला हुडहुडी भरली, पोट फळीसारखे कडक झाले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अपेंडिक्स फुटलंय. दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नव्हे. कालच आणायला हवं होतं हिला." ऑपरेशन झाले. चौथ्या दिवशी चिमणी गेली.

इस्त्रीवालीने मला फेकले नाही. फेकले असते तर बरे झाले असते, असे कितीदा वाटते. मित्रांनो, साध्या दुखण्याला मला खुशाल घ्या. पण दुखणे उजवीकडे खाली जाऊन बसले, सोबत उलट्या किंवा ताप आला, किंवा दुखणारे माणूसच म्हणाले की हे वेगळे आहे, तर मला खुंटीलाच राहू द्या आणि लगेच डॉक्टर गाठा.

गेल्या आठवड्यात शेजारची सून मला मागायला आली. इस्त्रीवाली म्हणाली, "कुठं दुखतंय? बोट ठेव." बोट उजवीकडे खाली गेले. तिने इस्त्री बंद केली, समोरच्या गिऱ्हाइकाचा सदरा तसाच चुरगळलेला परत दिला आणि सुनेला रिक्षात घातले. सून वाचली.

परत आल्यावर इस्त्रीवाली मला रिकामीच मांडीवर घेऊन बसली.

"लोकांच्या लेकीला मी आपण होऊन विचारलं," ती हुंदके देत म्हणाली. "माझी लेक तोंडानं सांगत होती, तर माझं लक्ष चादरीत."