घुमटावरची तिसरी बाई

बाड एलरब्रुन या गरम झऱ्याच्या गावातल्या संगीतगृहात मी चेलो वाजवायला लागले, तेव्हा तिथला आवाज अगदी मेलेला होता. गोधडीत तोंड खुपसून गावं, तसं वाटायचं. आमचे संचालक वेंडेलिन रोज तालमीला करवादायचे, "अरे, वाजवताय की कुजबुजताय?"

दोष आमचा नव्हता. मूळ इमारतीला उंच घुमट होता. पोकळ लोखंडी खांबांतून गावच्या झऱ्याचं गरम पाणी फिरायचं, त्यामुळे हिवाळ्यातही दालन उबदार असे. पुढे क्षार साचून ते खांब बुजले, दालन तापवायचा कोळसा महागला, आणि महायुद्धाच्या आधी नगरपालिकेने घुमटाखाली सपाट लाकडी छत ठोकून टाकलं. ऊब राहिली, सूर गेले.

त्या मार्चमध्ये बर्फ वितळत होतं. दुपारच्या कार्यक्रमाचं मध्यंतर झालं, संधिवाताचे पाहुणे झऱ्याचं पाणी प्यायला बाहेर गेले, आणि वर काहीतरी करकरलं. पाणी मुरलेल्या फळ्यांचा अख्खा पट्टा धाडकन रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला. धूळ बसल्यावर आम्ही वर पाहिलं. घुमटाच्या निळाईत, रंगवलेल्या झऱ्याच्या काठी, चार बायका न्हात होत्या. अंगावर धागा नाही.

"घ्या!" ढोलवाला होल्त्से म्हणाला. "आणि आपण इतकी वर्षं फळ्या बघत बसलो."

वेंडेलिनना बायकांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी नुसती एक टाळी वाजवली. आवाज वर गेला, गोल फिरला आणि भरून खाली आला.

"गेर्डा, एक स्वर दे. कुठलाही."

मी खालच्या तारेवर गज ओढला. तो स्वर माझ्या चेलोतून निघालाय, यावर माझाच विश्वास बसेना. वेंडेलिन किती तरी वेळ चष्मा पुसत राहिले.

गावात लगेच दोन तट पडले. पालिकेच्या सभेत नगराध्यक्ष क्रुमबीगेल म्हणाले, "फळ्या पुन्हा ठोकायच्या. एवढं मोठं दालन तापवणार कोण? शिवाय त्या बाया!" पाद्रीबुवांनी मान डोलावली. वेंडेलिन तावातावाने उठले, त-त-प-प केलं आणि खाली बसले.

मग रॉयशबाई उठल्या. औषधांच्या दुकानवाल्याची विधवा, चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

क्रुमबीगेल खूश झाले. "बोला बाई, तुम्हीच समजवा यांना."

"डावीकडून तिसरी," बाई म्हणाल्या. "हातात घागर आहे ती. ती मी आहे."

पाद्रीबुवांनी घाईने चहाचा कप खाली ठेवला.

"एकोणीस वर्षांची होते. चित्रकाराला गावातलेच चेहरे हवे होते. अख्खा नोव्हेंबर मी एका गळक्या कोठारात तशी बसले. मी तशी बसू शकले, तर तुम्हाला कोट घालून बसायला काय धाड भरलीय?"

क्रुमबीगेलना घाम फुटला. "पण बाई... छताचा ठराव तर तुमच्या यजमानांनीच मांडला होता! कोळसा वाचवायला."

"कोळसा? अहो, चित्रातली बाई कोण, हे त्यांना लग्नानंतर कळलं. मग त्यांना कोळशाचा पुळका आला."

मागच्या रांगेत होल्त्से फिस्सकन हसला, आणि सगळ्या सभेत हशा पिकला. पाद्रीबुवांनीही रुमालात तोंड लपवलं. उरलेल्या फळ्या काढायच्या, असं त्या गोंधळातच ठरलं.

एप्रिलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. लोक कोट, शाली, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन आले. नाकं लाल झाली, पण मध्यंतरानंतर एकही खुर्ची रिकामी दिसली नाही. रॉयशबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. वर मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर मी चेलो पेटीत ठेवत होते. त्या आल्या, माझा दंड धरला आणि सावकाश मान वर केली.

"यजमानांनी झाकून टाकलं तेव्हा वाईट वाटलं?" मी विचारलं.

"राग आला गं. पण बोलणार कुणाला? मान खाली घालून मी त्या फळ्यांखाली बसायचे, आणि लोक म्हणायचे, काय शालीन बाई आहे!"

त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसत होते, म्हणून मी पेटीचे पट्टे उगाच पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

"एक मात्र सांगते," शेवटी त्या म्हणाल्या. "गुडघे काढताना साफ चुकला मेला चित्रकार. माझे इतके जाड कधीच नव्हते."